ओटीचा खिसा

परत आलेल्या साडीला एक वास असतो. तो मला आता डोळे मिटूनही ओळखता येतो. वर कुणाचा तरी सेंट, त्याखाली घाम, आणि घामाच्याही खाली हॉलमधल्या जेवणाचं तेल. सोबत त्या बाईने ॲपवर लिहिलेलं असतं, 'साडी उघडूनसुद्धा पाहिली नाही.' शी! उघडली नाहीस तर घाम काय कुरिअरवाल्याचा आहे का?

मी नऊवारी शिवते. म्हणजे निऱ्या, काष्टा, सगळं आधीच शिवून टाकलेली साडी. सलवारीसारखी पाय घालून वर ओढायची, कमरेला नाडी बांधायची, पदर खांद्यावर टाकायचा, की झालं. ज्यांना नऊवारी नेसता येत नाही आणि फोटोत तर नऊवारीतच दिसायचं असतं, अशांसाठी. वाशीतल्या आमच्या जुन्या घराच्या आतल्या खोलीत माझं मशीन आहे. आणि दुकान होतं फोनच्या पडद्यावर, एका ॲपमध्ये. एवढासा चौकोन, त्यात माझ्या साड्यांचे फोटो. हसायचं असेल तर हसा, पण त्या चौकोनावर माझा जीव होता.

का होता तेही सांगते. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, वाशीपासून दादरपर्यंत सगळ्यांनी सांगितलं की दोष कोणातच नाही, वाट बघा. वाट बघतेय. पण सोसायटीत हळदीकुंकवाला गेलं की कोणीतरी विचारायचंच, 'काय गं, नोकरी नाही, घरी कोणी लहान नाही, मग करतेस तरी काय दिवसभर?' बोलायच्या तोंडाने आणि बघायच्या पोटाकडे. दुकान सुरू झालं त्या वर्षीच्या संक्रांतीला मी पहिल्यांदा मान वर करून सांगितलं, 'माझं दुकान आहे.' त्यावर एकीलाही पुढचा प्रश्न सुचला नाही. ते सुख काय होतं ते माझं मला ठाऊक!

पण ऑनलाइन धंदा म्हणजे माणसाच्या मनातली घाण घरपोच. एकीने माझ्या पैठणी काठाच्या नऊवारीऐवजी पार्सलमध्ये जुनी चादर घालून परत पाठवली. एकीने साडी नेसून, नथ घालून काढलेला फोटो आधी ॲपवर टाकला, खाली 'खूप सुंदर, सगळ्यांनी विचारलं' असं लिहिलं, आणि दोन दिवसांनी तीच साडी 'माप चुकलं' म्हणून परत. मी ॲपवाल्यांना म्हटलं, अहो, हा तिचाच फोटो बघा, अंगावर आहे साडी! उत्तर आलं, 'आपली गैरसोय आम्ही समजू शकतो.' समजू शकता, डोंबल! समोर माणूस तरी असतो की नाही, देव जाणे. कितीही शिव्या घाला, उत्तर तेच, तितक्याच गोडीने.

नियम मात्र कडक, आणि तेही सगळे विकणाऱ्याला. 'खराब माल पाठवला' अशा तीन तक्रारी खऱ्या ठरल्या की दुकान बंद. तक्रार खोटी ठरवायची तर परत आलेलं पार्सल उघडतानाचा व्हिडिओ हवा, बांधलेल्या पाकिटापासून शेवटच्या घडीपर्यंत सलग. तो नसेल तर बाई म्हणेल ते खरं. माझ्या नावावर अशा दोन तक्रारी जमल्या होत्या. चादर आली तेव्हा मला व्हिडिओचं माहीत नव्हतं, ती एक. दुसरी कशी लागली ते आता उगाळत बसत नाही.

ही गोष्ट तिसरीची.

साडी हिरवी होती, डोहाळजेवणाची. माझ्या दुकानात सगळ्यात जास्त खपायच्या त्या ह्याच, गरोदर बाईच्या मापाने शिवलेल्या. पोट वाढलेलं असतं, तेव्हा निऱ्या वरून सोडाव्या लागतात, नाडी पोटाच्या खाली यावी लागते. आता हे माप घ्यायचं कुणाचं? घरात दुसरं कोण होतं? मग मी दार लावून घ्यायची, पोटाला सोफ्यावरची उशी बांधायची आणि आरशासमोर उभी राहून माझ्याच अंगावर साडी बेतायची. पहिल्या वेळी सासूबाईंनी दार ढकललं आणि मला त्या अवताराकडे बघताना पाहिलं. दार ओढून गेल्या. त्यानंतर त्या दार वाजवूनच यायच्या.

त्या साड्यांना मी एक खिसा शिवायची. कल्पना माझीच. डोहाळजेवणात ओटी भरतात तेव्हा नारळ, खण आणि तांदूळ पदरात घ्यायचे असतात. शिवलेल्या नऊवारीचा पदर खांद्याला पिनांनी टाचलेला, तो पसरता येत नाही, तांदूळ हॉलभर सांडतात. म्हणून पदराच्या आतल्या बाजूला मी एक छोटा खिसा लावायची. नारळ हातात घ्या, तांदूळ-हळकुंड-सुपारी खिशात टाका. बायकांना इतका आवडायचा तो खिसा! वरून दिसत नाही. आणि दिसत नाही म्हणूनच विसरला जातो.

तर ती साडी खारघरच्या एका बाईने मागवली. आठवड्याने तिची तक्रार आली: 'डाग पडलेली, वापरलेली साडी पाठवली. आम्ही नेसली नाही.' ॲपने तिला लगेच पैसे परत दिले आणि साडी माझ्याकडे धाडली. मी म्हटलं, येऊ दे. यावेळी व्हिडिओ असा काढते की घडी न् घडी मोजून घ्या.

आणि नेमकी पार्सल आलं त्या सकाळी मी घरात नव्हते. सासूबाईंनीच मासळी आणायला दिवाळ्याला पाठवलं होतं. आम्ही मूळचे कोकणातले, आणि त्यांना मासळी दिवाळे गावातलीच लागते, खाडीवरच्या कोळणींकडची. मला तिथे जायला आवडायचं. त्या दिवशी एक बाई बोयटं घेताना नाक मुरडून म्हणाली, 'ताजी वाटत नाहीत.' कोळणीने मासा उचलला, कल्ला उघडला आणि सरळ तिच्या नाकाशी धरला. 'बग! हाय का वास? हाय तर सांग, नायतर वाट सोड.' बाईने वास घेतला, नाही म्हणाली, घेतली मासळी. भांडण सुरू झालं आणि मिटलं. व्हिडिओ नाही, तक्रार नाही, कुणी कुणाची गैरसोय समजून घेतली नाही. मला घरी येईपर्यंत हसू येत होतं.

घरी आले तर स्वयंपाकघरात वेलदोड्याचा वास. सासूबाई म्हणाल्या, "आज मासे नको करूस. फ्रिजमध्ये ठेव."

"अहो आई, तुम्हीच तर आणायला पाठवलंत!"

"उद्या करू. आज खीर केलीय. गरम आहे तोवर खा."

मला भूक लागली होती. तांदळाची खीर, वर बेदाणे, साजूक तूप. मी एक वाटी खाल्ली. त्या समोर बसून बघत होत्या. दुसरी वाटी मीच मागून घेतली. नवऱ्यासाठी ठेवा म्हटलं तर म्हणाल्या, "त्याला नको. तुझ्यासाठीच केलीय." मी म्हटलं, आज काय सासूबाईंना प्रेमाचा उमाळा! आणि वाटी चाटूनपुसून लख्ख केली. हे सगळं मला नीट आठवतं, कारण नंतर ते आठवून मला भडभडून येत होतं.

हात धुवायला उठले आणि खिडकीत हिरवी साडी वाळत घातल्यासारखी टांगलेली दिसली.

"आई, पार्सल आलं होतं?"

"हो. कुबट वास येत होता, म्हणून उघडून वाऱ्यावर टाकली."

"व्हिडिओ काढला नाहीत ना?"

"मला कुठे येतो गो तो."

किती वेळा सांगितलं होतं, पार्सलला हात लावू नका! दारावर कागद चिकटवला होता! मी धावत साडीपाशी गेले. काठाला हळदीचा भलामोठा डाग, निऱ्यांवर वरणाचा ओघळ. वास तर काय सांगावा! आणि पदर उलटा करून बघते तर खिसा बाहेर काढलेला, आतून पिवळाधमक, शिवणीत एक तांदळाचा दाणा अडकलेला.

म्हणजे खिशात ओटी होती. ती बाई नारळ काढायला विसरली नाही, खण काढायला विसरली नाही, पण माझ्या खिशाला मात्र विसरली. पार्सल उघडताना मी ते तांदूळ व्हिडिओत धरले असते तर तिच्या बापालाही तक्रार टिकवता आली नसती. न नेसलेल्या साडीत ओटी कुठून आली गं बये, सांग!

"आई, खिशात तांदूळ होते ना? कुठे आहेत?"

त्यांनी ओट्यावरच्या माझ्या रिकाम्या वाटीकडे बघितलं फक्त.

मला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा बेसिनपाशी जाऊन उभी राहिले. ओकारीही येईना. कुठल्या कोण बाईची ओटी, दहा जणींनी हात लावलेली, घामट साडीत घडी होऊन कुरिअरच्या गाडीतून, गोदामातून हिंडत आलेली. आणि ती मी तूप घालून खाल्ली होती.

"टाकायचे का मग?" सासूबाई मागून म्हणाल्या. "ओटीचे तांदूळ टाकत नाहीत. धुऊन घेतले चार पाण्यांनी. भरल्या पोटाच्या बाईची ओटी आपणहून घरात आली. मी काय बोलवायला गेले होते?"

राग त्यांचा आला की माझा, ते मला आजही सांगता येणार नाही. एवढी शिकलेली मी, आणि माझं घर ह्या थराला आलं होतं की परक्या बाईची उष्टी आशा वाटीत घालून मला भरवावी! मी दिवसभर त्यांच्याशी बोलले नाही. ॲपला सगळं लिहिलं, खिशाचा फोटो पाठवला, त्या एका दाण्याचाही पाठवला. उत्तर आलं, 'पार्सल उघडतानाचा सलग व्हिडिओ नसल्यास पुरावा ग्राह्य धरता येत नाही. आपली गैरसोय आम्ही समजू शकतो.' खाली लिहिलं होतं की खरेदीदाराने स्वतः तक्रार मागे घेतली तर ठीक, नाहीतर दुकान बंद होईल. नवरा म्हणाला, "सोड ना, टेन्शन नको घेऊ. दुसऱ्या ॲपवर टाक." जणू काय चप्पल हरवली, दुसरी घे.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. प्रत्येक साडीबरोबर मी माझ्या नंबराची चिठ्ठी घालते, 'काही अडचण आली तर आधी मला सांगा'. त्या नंबरावर. आवाज पन्नाशीतल्या बाईचा, गोड.

"ती हिरवी साडी पोचली का हो तुम्हाला?"

"पोचली."

"नाही, म्हणजे... खिशात बघितलंत का काही?"

मी गादीवरून उठून बसले. "तुम्ही तर साडी नेसलीच नाही म्हणालात."

"नाहीच नेसली. नुसती अंगाला लावून बघितली."

"हळकुंड-सुपारीसकट?"

बाई एकदम रडायलाच लागली. तिच्या मुलीचं डोहाळजेवण होतं. दिवस भरत आलेत, डॉक्टरांनी जपायला सांगितलंय. कोणीतरी शेजारणीने म्हटलं, ओटीचे तांदूळ कुठायत, खीर केली का, आणि हिच्या छातीत धस्स झालं. गरोदर बाईची ओटी परक्या घरात गेली तर चांगलं नसतं. "काही करा, पण तेवढे दाणे परत द्या. मुलीच्या जिवाचा प्रश्न आहे."

काय बाई होती! माझ्या नावावर खोटं लिहिताना हात थरथरला नाही, साडी फुकट वापरताना देव आठवला नाही, आणि चार दाण्यांसाठी ही रडत होती. मी म्हटलं, "माझ्या दुकानाच्या जिवाचा पण प्रश्न आहे."

"मागे घेते ना तक्रार! तांदूळ आणून द्या, तुमच्यासमोर मागे घेते."

मी फोन ठेवला तर सासूबाई दारात. सगळं ऐकलं होतं. गेल्या, आणि छोट्या स्टीलच्या डबीत तांदूळ भरून घेऊन आल्या. वर हळदीची बोटं, एक हळकुंड, एक सुपारी. "जा, देऊन ये. तांदूळ तो तांदूळ. तिचं समाधान, तुझं दुकान." मला शिसारी आली, पण डबी घेतली. पिशवीत ती साडीही टाकली. कशाला, तर बहुतेक तिच्या तोंडावर मारायला.

खारघरची ती इमारत अशी उंच की मान दुखावी. खाली पाण्याचं कारंजं, वर चकचकीत लिफ्ट. मला वाटलं होतं, साडी परत करणारी बाई नडलेली असेल. कसली नडलेली! दारातल्या चपला ठेवायचं कपाटच माझ्या शिवणखोलीएवढं होतं.

दार मुलीने उघडलं. पंचविशीतली असेल, पोट एवढं पुढे आलेलं, चेहरा गोड. तिची नजर माझ्या पिशवीतून डोकावणाऱ्या हिरव्या काठावर गेली आणि ती फुललीच.

"अय्या, झाली पण? आई म्हणाली ड्रायक्लीनला टाकलीय, वेळ लागेल!"

मी तोंड उघडणार तेवढ्यात आई आतून आली. पदराला हात पुसत, शांत. माझ्याकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं आणि डोळासुद्धा न लवता म्हणाली, "हो, ह्याच त्या लाँड्रीवाल्या बाई. या ना. डाग निघाला का हो?"

लाज कोळून प्यालेली बाई मी ऐकून होते, बघितली त्या दिवशी. "नाही निघाला," मी म्हटलं. मुलीदेखत आणखी काय बोलणार? तिच्या पोटाकडे बघून जीभ आवरली. आईने मला बाजूला घेतलं, मी डबी दिली. तिने झाकण उघडलं, डबी कपाळाला लावली, डोळे मिटून पुटपुटली. मग फोन काढला, ॲप उघडलं, माझ्यासमोर 'तक्रार मागे घ्या' वर बोट नेलं. माझं दुकान त्या बोटाखाली होतं.

तेवढ्यात मुलगी कुंकवाचा करंडा घेऊन आली. "थांबा हं, अशाच जाऊ नका. सवाष्ण बाई दारी आली, कुंकू लावते." बोटावर कुंकू घेऊन ती माझ्यासमोर उभी राहिली. मी मान पुढे केली.

आईचं बोट पडद्यावरच थांबलं. "मुलं किती तुम्हाला?" तिने मला विचारलं.

"नाहीत."

"अजून?"

"नाहीत."

तिने पटकन पुढे होऊन लेकीचं मनगट धरलं. "राहू दे गं. तू आत जा, उभी नको राहूस, पाय सुजतात." मुलीचं बोट तसंच हवेत, कुंकवाने लाल.

मी गप्प बसायला हवं होतं. एक बोट टेकायचं बाकी होतं फक्त. पण माझ्या डोक्यात जी तिडीक गेली! सोसायटीतल्या साऱ्या हळदीकुंकवांचा, साऱ्या नजरांचा, बांधलेल्या उशीचा हिशोब त्या एका मनगटावर आला.

"मग आता ऐकाच," मी म्हटलं. "ही ओटी तुमच्या मुलीची नाही. हे आमच्या डब्यातले तांदूळ आहेत. तिच्या ओटीची खीर झाली आणि ती मी खाल्ली. दोन वाट्या. वर बेदाणे होते."

बाईचा चेहरा पांढरा पडला. "खाल्ली? तुम्ही? माझ्या पोरीची ओटी?"

"मग काय करणार? तुम्हीच पाठवलीत. न नेसलेल्या साडीतून."

"लाज नाही वाटली हो, दुसऱ्याची ओटी खाताना! काय बाई म्हणायची का कोण!" चोराच्या उलट्या बोंबा! ओरडताना तिच्या हातातली डबी कलंडली आणि तांदूळ फरशीभर झाले.

मुलगी मध्ये बोलली. आवाज चढवला नाही. "आई, तू साडी परत केलीस?"

"अगं, एकदाच तर नेसायची असते! फोटो निघाले ना छान? सगळेच करतात. पुन्हा कुठे घालणार होतीस तू?"

"माहेरची साडी होती ना ती."

डोहाळजेवणाची हिरवी साडी माहेरहून येते. सासरच्या माणसांदेखत आई ती लेकीच्या हातात ठेवते. ह्या बाईने ठेवली होती, ओवाळलं होतं, फोटो काढले होते, आणि दुसऱ्या दिवशी सासरच्यांना ड्रायक्लीन सांगून लेकीचं माहेर पाकिटात भरून परत पाठवलं होतं. तिला काय कमी होतं? काही नाही. मिळतंय फुकट तर घ्या, एवढंच.

मी पिशवीतून साडी काढली, मुलीपुढे धरली. "घे. तुझीच आहे."

तिने हात पुढे केला नाही. "नको," म्हणाली. "परत केलेली आहे ती." आणि बोटावरचं कुंकू तिने हळूहळू आपल्याच गाऊनला पुसलं.

मी खाली येईपर्यंत फोन वाजला. दुकान बंद. 'आमच्यासोबत व्यवसाय केल्याबद्दल धन्यवाद.' तो चौकोन दाबून पाहिला, पांढरा पडदा. पुढच्या हळदीकुंकवाला कोणी विचारलं, काय करतेस दिवसभर, तर आता सांगायला काही नव्हतं. कारंज्याच्या कठड्यावर बसून मी रडले, चांगली मोठ्याने, वॉचमन बघत असताना.

घरी सासूबाई माझं तोंड बघूनच समजल्या असाव्यात. पिशवीतून साडी काढली, मोरीत नेली, साबण लावून उन्हात टाकली. हळदीचा डाग साबणाने आधी लाल होतो, मग उन्हाने उडतो. काही दिवसांत साडी नवी झाली. वाससुद्धा गेला. एका दुपारी त्यांनी ती घडी करून माझ्या मांडीवर ठेवली.

"ठेव. लागेल आपल्याला."

माझा भडकाच उडाला. "शी! कुणाची नेसलेली, वरण सांडलेली, आईने परत पाठवलेली आणि लेकीने नाकारलेली साडी मी नेसू? तुम्हाला काही कसं वाटत नाही, आई? आधी तांदूळ, आता हे! काय समजता तुम्ही मला?" खूप बोलले. इतक्या वर्षांत बोलले नव्हते ते सगळं बोलले. खिसा तरी उसवून टाकते म्हणून कात्री घेतली.

त्यांनी ऐकून घेतलं. कात्री हातातून काढून घेतली नाही, रडल्या नाहीत. "डांबरगोळ्या कुठे ठेवल्यास?" एवढंच विचारलं.

साडी माझ्याच मापाची होती, उशी बांधून बेतलेली. मी कात्री खाली ठेवली, उठून कपाटातून गोळ्या आणल्या, आणि त्यातल्या दोन खिशात टाकल्या.